पट्टा आधी बघा, सोल नंतर : धावायच्या सँडलचे माझे तीन जोड

गेल्या वर्षी मे महिन्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढत होते, पायात कोऱ्या करकरीत पातळ सोलच्या सँडल, खात्यातून साडेसात हजार गेलेले, आणि मागून एक मावशी डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेऊन आल्या आणि मला सरळ ओलांडून पुढे गेल्या. पायात साधी निळ्या पट्ट्याची स्लीपर, ती पण टाचेकडे झिजून कागद झालेली. वर पोचल्यावर ताक प्यायला बसले ते नेमकं त्यांच्याच पालाखाली. माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "ही कसली गं चप्पल पोरी, नुसती दोरीच दोरी. खडकात टिकंल का?" मी म्हणलं मावशी ही पळायची चप्पल आहे, परदेशातून मागवलीये. "केवढ्याला?" मी दीड हजार सांगितलं. तरी त्या हसल्या.

आणि उतरताना त्या दोरीने अंगठ्याच्या बेचक्यात असं काही कापलं की शेवटचा पाऊण तास मी चपला हातात घेऊन अनवाणी उतरले. सोल एकदम मस्त होता. ग्रिप मस्त होती. पण पट्ट्याने घात केला. त्यानंतर दीड वर्षात तीन जोड वापरून झाले, दोन परदेशी आणि एक आमच्या कोपऱ्यावरच्या मोची काकांनी केलेला, आणि त्या तिन्हींबद्दल लिहायचं म्हणून हे. परदेशी जोडांची नावं मुद्दाम देत नाहीये कारण माझा पाय आणि तुमचा पाय वेगळा, आणि एका जोडावरून कुणाचं नाव खराब करायची इच्छा नाही.

आधी हे सँडल प्रकरण काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मेक्सिकोच्या चिवावा राज्यात कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत रारामुरी लोक राहतात, बाहेरचे त्यांना तारामुआरा म्हणतात, आणि ते लोक जुन्या टायरचा तुकडा कापून त्याला चामड्याची वादी ओवून त्याच्यावर डोंगरात मैलोनमैल पळतात. त्या चपलेला हुआराचे म्हणतात पण उच्चार साधारण 'वाराचे' असा आहे, म्हणजे मराठीत ऐकलं तर वाऱ्याचेच वाटतं, मला हे फार आवडतं. १९९३ साली अमेरिकेत कोलोराडोमधल्या लेडव्हिलच्या १०० मैलांच्या शर्यतीत व्हिक्टोरियानो चुरो नावाचे त्यांच्यातले ५५ वर्षांचे गृहस्थ असल्या टायरच्या चपला घालून पहिले आले. पंचावन्न! आणि ती शर्यत सगळी ३००० मीटरच्या आसपास आणि वर, जिथे आपल्याला नुसतं चालताना धाप लागेल. २०१७ मध्ये मारिया लोरेना रामिरेझ ही रारामुरींपैकीच एक मुलगी मेक्सिकोत ५० किलोमीटरची ट्रेल रेस जिंकली, घोळदार परकर आणि टायरच्या चपला. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवल्या त्या आपल्या बारामतीच्या लता करे, नऊवारीत अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या.

आत्ता बाजारात ज्या कंपन्या आहेत त्यातली लूना म्हणजे टेड मॅकडोनाल्डची, ज्याला सगळे बेअरफूट टेड म्हणतात. तो २००६ मध्ये त्या दरीत गेला होता आणि मानुएल लूना नावाच्या रारामुरी माणसाकडून चप्पल करायला शिकला, कंपनीला नाव त्याचंच. झीरो शूज २००९ मध्ये कोलोराडोत सुरू झाली, तेव्हा नाव इनव्हिजिबल शूज होतं आणि विकायचे काय तर घरी स्वतः कापून करायचं किट, एक रबरची शीट आणि दोरी. बेडरॉक जरा जाड, डोंगरवाल्यांची. अर्थ रनर्सच्या सोलमध्ये तांब्याचा खिळा बसवलेला असतो, पाय 'जमिनीशी जोडला' जावा म्हणून. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती मग चप्पल काढून ठेव की बाई. किंमत म्हणाल तर तिकडेच साधारण ८० ते १३० डॉलर, वर कुरियर आणि कस्टम, इथे हातात येईपर्यंत आकडा नवऱ्याला सांगता येत नाही.

तर माझा पहिला जोड. पातळ, ४ मिमीच्या आसपासचा, पारंपरिक पद्धतीचा. म्हणजे सोलला तीन भोकं, एक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये, दोन घोट्याच्या दोन्ही बाजूंना, आणि एकच लांब दोरी त्यातून ओवून टाचेमागून फिरवायची. रस्त्यावर ही चप्पल म्हणजे निव्वळ आनंद आहे हे आधी कबूल करते. सकाळी साडेपाचला पुण्यात पाषाण रोडवर पळताना रस्त्याचा पोत कळतो, डांबर कुठे संपलं काँक्रीट कुठे सुरू झालं हे तळव्याला समजतं, पेव्हर ब्लॉकच्या फटी मोजता येतात. आणि चप्पल स्वतः मास्तर आहे. पाय आपटला की फट्ट असा आवाज येतो, मग आपोआप पावलं छोटी होतात, टाच आधी आपटायची सवय हळूहळू जाते. मी पहिल्या दिवशी पळाले तेव्हा सोसायटीच्या वॉचमन काकांनी विचारलं मॅडम चप्पल तुटली का. आता आवाज येत नाही म्हणजे निदान तेवढं तरी शिकले.

पण या जोडाची खोड म्हणजे ती अंगठ्याजवळची दोरी सोलच्या खालून गाठ मारून अडकवलेली होती. ही गाठ रस्त्यावर घासते. मी जेमतेम अडीचशे किलोमीटर केले असतील, एका रविवारी विद्यापीठाच्या गेटसमोर गाठ झिजून सुटली आणि सँडल पायातून उडून पुढच्या ॲक्टिव्हावाल्याच्या चाकाखाली. त्याने बिचाऱ्याने थांबून आणून दिली. तेव्हापासून एक नियम, जोड घ्यायच्या आधी उलटा करून बघायचा. दोरी किंवा पट्टा सोलच्या बाहेर आलेला दिसतोय का, की खोबणीत आत बसवलाय. बाहेर असेल तर रस्त्यासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. ट्रेलवर एक वेळ चालतं कारण मातीत घासणं कमी, पण तिथे दगड त्या गाठीखाली आला की टोचतो.

दुसरं म्हणजे उतार. सपाटीवर अंगठ्याच्या बेचक्यातल्या दोरीवर काहीच जोर येत नाही, पण उतारावर अख्खं वजन पुढे सरकतं आणि पाय सोलवर घसरत जाऊन त्या एका दोरीवर अडतो. सिंहगडावर तेच झालं. लोक सल्ला देतात की दोरी घट्ट करा, मी केली, तर पायाच्या वरच्या बाजूला वळ उठले. खरा इलाज म्हणजे टाचेचा पट्टा नीट बसणं, तो पायाला मागून धरून ठेवतो आणि पुढे जाऊ देत नाही. आपली कोल्हापुरी घ्या ना, सोल सपाट आहे, टाच पुढच्या भागापेक्षा फारशी उंच नाही, अंगठा अडकवायला कडी आहे, २०१९ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये तर थेट मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या नावाने तिच्यासारखी चप्पल चालून आली आणि सगळ्यांना एकदम आपला अभिमान आठवला, पण तिच्यात पळता येत नाही. का, तर मागे पट्टा नाही. बोटं आखडून चप्पल धरून ठेवावी लागते आणि बोटं आखडून पळालं की पोटऱ्या संपल्या.

दुसरा जोड म्हणून मी बिनअंगठ्याचा घेतला. म्हणजे बोटांच्या मध्ये काहीच नाही, पायाच्या वरून तिरके दोन पट्टे आणि मागे टाचेला एक, सोल साधारण १० मिमी आणि खाली खाचा. एकदम हलका, पाण्यात तरंगतो सुद्धा. ट्रेलसाठी आजही माझं मत याच प्रकाराला. वेताळ टेकडीवर खाणीकडून एआरएआयच्या बाजूला जाणारी जी वाट आहे तिथे सुटा मुरूम इतका की गोट्यांवरून पळल्यासारखं होतं, तिथे पहिल्या जोडाने प्रत्येक खड्यागणिक तळवा ओरडायचा, आणि हा जोड शांतपणे जातो. बेचक्यात काही नसल्यामुळे उतारावर कापत नाही. वेगळ्या बोटांचे मोजे पण लागत नाहीत, थंडीत साधे मोजे घालून पण पळता येतं, दिसायला भयंकर दिसतं तो भाग सोडा.

मात्र बोटं मोकळी असल्यामुळे पुढचा भाग पायाला चिकटून राहत नाही. लांबी जरा जरी जास्त झाली की सोलचं टोक खाली वाकतं आणि दगडाला अडतं, मी दोनदा तोंडावर पडलेय, एकदा तर मॉर्निंग वॉकच्या आजोबांच्या ग्रुपसमोर, त्यांनी उठवून खडीसाखर खायला दिली. त्यामुळे साईझ. कृपा करून बुटाचा नंबर टाकून मागवू नका. कागदावर उभं राहा (बसून नाही, वजन पडलं की पाय पसरतो), पेन सरळ धरून दोन्ही पायांची आखणी करा, आणि कंपनीने दिलेल्या टेम्प्लेटवर ठेवून बघा. बोटांच्या पुढे पाच-सहा मिलिमीटर पुरे. दोन साईझच्या मध्ये अडकलात तर ट्रेलसाठी छोटा घ्या. आणि संध्याकाळी आखा, सकाळी आपला पाय लहान असतो.

आता काटे. परदेशी व्हिडिओंमध्ये हा विषय मला कधी दिसला नाही. आपल्याकडे टेकडीवर कुणीतरी फांद्या तोडून वाटेवर टाकलेल्या असतात आणि सुकलेला बाभळीचा काटा ४ मिमीच्या सोलमधून लोण्यातून सुरी गेल्यासारखा जातो. मला गेलाय. १० मिमीमधून पण एकदा टोक आलं पण तिथेच थांबलं. तो काटा नंतर सोलमध्ये मोडून राहतो आणि महिनाभराने अचानक टोचायला लागतो, त्यामुळे घरी आल्यावर सोलवरून बोट फिरवायची सवय लावा, सायकलच्या टायरवरून फिरवतो तसं. पण उलट एक मोठा फायदाही आहे जो मला कुणीच सांगितला नव्हता. दिवाळीच्या सुमाराला गवत वाळलं की कुसळं. बुटात मोज्यांना हजारो कुसळं लागून ती आत टोचत राहतात, घरी येऊन अर्धा तास उपटत बसायचं. सँडलमध्ये मोजाच नाही तर कुसळ लागणार कशाला. ऑक्टोबर ते डिसेंबर मी टेकडीवर बूट नेतच नाही.

पावसाळ्याचं मात्र वेगळं गणित आहे. सह्याद्रीतला काळा खडक ओला झाला, वर शेवाळ आलं, की कुठलाही सोल धरत नाही, कुठल्याही कंपनीचा, कितीही खाचा असू देत. आणि त्याहून वाईट म्हणजे पाय आणि चप्पल यांच्यामध्ये चिखल शिरतो, मग खालचा सोल जमिनीला घट्ट आणि आपला पाय त्याच्यावर स्केटिंग करतोय. चामड्याचा वरचा थर असलेला जोड पावसात आणू नका, बुळबुळीत होतो. वर बारीक खडबडीत रबर असलेला त्यातल्या त्यात बरा. राजगड-तोरण्याच्या बाजूला पावसात मी सरळ बूट घालते, यात मला काही कमीपणा वाटत नाही. शिवाय गवतात फुरसं असतं, विषारी साप, एवढंसं, वाटेच्या कडेला दगडासारखं बसलेलं, आणि उघड्या पायाने तिन्हीसांजेला तिथून पळणं म्हणजे शहाणपण नाही. आणि मुंबईवाल्यांनो, तुंबलेल्या पाण्यातून तर नकोच, पायाला चीर असेल तर लेप्टो कशी होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

बरं तिसरा जोड, माझा लाडका. पहिल्या जोडाची दोरी तुटली तेव्हा ती घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या मोची काकांकडे गेले. त्यांनी चप्पल उलटसुलट करून बघितली, वास घेतला (खरंच), आणि म्हणाले, "ताई, याच्यात आहे काय? रबर आन सुतळी. मी करून देतो की." मी बोहरी आळीतून ६ मिमीची रबर शीट आणली, काकांनी जुन्या स्कूटरच्या टायरचा पातळ काढलेला थर खाली चिकटवू का विचारलं, मी म्हणलं फक्त टाच आणि पुढच्या पंज्याखाली. माझ्या पायाची आखणी कागदावर, ती शीटवर ठेवून रापीने एका झटक्यात कापलं, अंगठ्याचं भोक कुठे पाडायचं यावर आमचा वाद झाला. ते म्हणाले नेहमीच्या स्लीपरसारखं मध्यावर, मी म्हणलं नाही काका, मी उभी राहते आणि तुम्ही बोटांच्या बेचक्यात बरोबर खूण करा, कारण इथे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की चप्पल पायाखालून बाहेर पळते. डाव्या पायाची खूण आणि उजव्या पायाची खूण वेगळी आली! रेडिमेड जोडात हे कसं जमणार.

पट्टा दोरीऐवजी बॅगेचा नायलॉनचा, बकलसकट. सोलखाली गाठ नको म्हणून काकांनी पट्ट्याचं टोक दोन थरांच्या मध्ये दाबून, सोल्यूशन लावून, वरून आरीने टाके घातले. टाचेचा पट्टा रुंद आणि आतून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवलेली, म्हणजे घामाने घसरत नाही. ही आयडिया पूर्ण काकांची. शीट, पट्टा, बकल, मजुरी धरून सगळे मिळून ५८० रुपये. मी सातशे दिले तर ते म्हणाले आधी पळून दाखवा मग द्या.

पळाले. सहाशे किलोमीटरच्या वर झाले. कमी काय आहे ते पण सांगते. वजन जास्त आहे, दुसऱ्या जोडाच्या शेजारी धरलं की हाताला लगेच कळतं. टायरचा थर चिकटवलेला असल्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी गाडीत राहिला तर सोल्यूशन मऊ पडून कडा उचलल्या गेल्या, दोनदा परत चिकटवावं लागलं. नवीन पट्टा पहिले पंधरा दिवस चावतो, खोबरेल तेल लावून पळायचं. आणि ओल्या टाईल्सवर अजिबात जायचं नाही, एकदा एका हॉटेलच्या पायऱ्यांवर मी थेट बसले. पण रस्ता आणि सुकी टेकडी, दोन्हीवर एकच जोड हवा असेल तर याच्या जवळपास काही नाही, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला कोपऱ्यावर माणूस आहे. परदेशी कंपन्यांपैकी झीरो शूज सोलवर ५००० मैलांची हमी देते, म्हणजे ८००० किलोमीटर, ऐकायला भारी आहे, पण पट्टा तुटला की पुण्यातून कोलोराडोला काय पाठवणार.

आता ज्यांना हे वाचून लगेच उडी मारावीशी वाटतीये त्यांना माझी चूक सांगते. मी नऊ वर्षं जाड टाचेच्या बुटात धावलेली, हाफ मॅरेथॉनवाली, मला वाटलं मला काय होतंय. पहिल्या आठवड्यात सँडलमध्ये ५ किलोमीटर, दुसऱ्यात ८. तिसऱ्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या लांब हाडांवर, एक ठणका सुरू झाला तो जिना उतरताना पण. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलं. नंतर वाचलं की २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लोकांनी नेमका हाच प्रयोग केला होता, ३६ धावपटू, साधारण अर्ध्यांना १० आठवड्यांत हळूहळू पाचबोटी पातळ बुटांवर आणलं, तर त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या एमआरआयमध्ये हाडांना सूज दिसली. आणि त्यांनी तर हळूहळू केलं होतं! टाच सपाट झाली की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर सगळा भार येतो आणि स्नायू लवकर तयार होतात पण हाडं तयार व्हायला जास्त वेळ घेतात. त्यामुळे दुसऱ्यांदा मी पहिला महिना फक्त चालले, भाजी आणायला, गच्चीवर, मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी ५०० मीटर, मग १ किलोमीटर. सहा महिन्यांनी १० झाले. मिलिंद सोमण ५१ व्या वर्षी फ्लोरिडाच्या अल्ट्रामॅनमध्ये, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीत, तीन दिवसांत ५०० च्या वर किलोमीटर करतो आणि त्यातलं धावणं अनवाणी, ते बघून आपण उद्या सकाळी सुरू करायचं नसतं, त्याच्या पायाला त्याआधी किती वर्षं दिलेली असतात ते कुणी बघत नाही. मधुमेह असेल, तळव्याला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर हा सगळा लेख सोडून द्या, काटा गेलेला कळलाच नाही तर फार महागात पडतं.

मग घ्यायचं काय असं मैत्रिणी विचारतात. फक्त रस्ता असेल तर पातळ, पण दोरी खोबणीत बसवलेली, आणि पहिला जोड ६ मिमीच्या खाली नको. फक्त टेकडी आणि गड असेल तर १० मिमीच्या आसपासचा, खाचांचा, बिनअंगठ्याचा किंवा रुंद टाचपट्ट्याचा. दोन्ही करायचं आणि पैसे वाचवायचे असतील तर शीट घ्या आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या काकांशी भांडा. कुठलाही घ्या, घरातच जिन्यावरून दहा वेळा खाली उतरून बघा, पाय पुढे सरकतोय का आणि बेचक्यात टोचतंय का एवढंच बघायचं. सपाट फरशीवर सगळ्याच चपला छान वाटतात.

मला अजून एक जमलेलं नाही ते म्हणजे बारीक खडा. पाय आणि सोल यांच्यात एक खडा शिरला की थांबून काढावाच लागतो, एका पायावर उभं राहून बूट जमिनीवर आपटतात तसं आपटून काही वेळा जातो, काही वेळा नाही. बुटात हा त्रास कमी. काका म्हणतायत कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टी शिवून बघू, मी म्हणतेय मग ती चप्पल कसली, बूटच झाला. सध्या डावा पाय त्यांच्याकडे ठेवलाय, शनिवारी ये म्हणालेत.